लूमखात्यातली गाठ

नाही, थांबा मनीषजी, दोराला हात लावू नका — आणि त्या टेम्पोवाल्याला सांगा, हॉर्न पुरे झाला. मी काय समजून इथे आले होते आणि काय निघालं, ते आधी ऐका, मग हे जहाज न्यायचं तर न्या. बाबांची पत्रं यायची मला तिकडे, इंग्लंडात, स्कॉलरशिपवर शिकत होते तिथे — चि. पूर्वास अनेक आशीर्वाद, आपल्या जहाजाला यंदा तिसरी डोलकाठी बसवली, मिलच्या अंगणात उभं केलं की आभाळाला टेकतं. मी ते हॉस्टेलात मुलींना वाचून दाखवायची. माझे बाबा कापडाच्या मिलमध्ये जॉबर आहेत, म्हणजे लूमखात्यात, मागांवरचे मुकादम, आणि त्यांचं स्वतःचं जहाज आहे — असं सांगायची, काय समजलात? मुली म्हणायच्या, इंदूर समुद्राकाठी आहे का? मी म्हणायची, नाही, म्हणून तर! पाच वर्षं, मनीषजी. मधे एकदाही येणं झालं नाही. आणि पाच वर्षं मी मनात धरून बसले होते की मी येईन, गेट उघडं असेल, भोंगा होईल, आणि आत अंगणात शुभ्र शिडांचं तीन काठ्यांचं जहाज.

आणि काय होतं? गेटला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, बाहेर लिंबाखाली पत्ते खेळत बसलेली पंचवीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेली माणसं. जहाज इथे, गेटबाहेरच्या ह्याच पत्र्याच्या शेडमध्ये — ट्रॉलीवर वीस फूट प्लायवूड, शिडांवर कबुतरांची घाण, आणि ती तिसरी डोलकाठी म्हणजे हा निळा बांबू. आणि बाबा? मी न कळवता आले होते, सरप्राइज द्यायचं म्हणून. आई म्हणाली, ते ड्यूटीवर आहेत, भंवरकुआंला. रिक्षा करून गेले. एका कोचिंग क्लासच्या दारात उभे होते — खाकी कपडे, खांद्यावर पिवळी दोरी, गळ्यात शिट्टी. मी रिक्षातून उतरले तर त्यांनी मला सलाम ठोकला. हो, मलाच. म्हणाले, मॅडम, ॲडमिशन पीछे की तरफ से.

बसा ना, त्या खोक्यावर बसा. जाळ्या आहेत, पण बसा.

तुम्ही इंदूरचेच, म्हणजे झांकी तुम्हाला काय सांगायची. अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर दर मिलची झांकी निघते, हलते पुतळे, लाइटा, सगळं कामगारांच्या हातचं — ते ठाऊक आहे. पण आमच्या मिलच्या झांकीत जहाज का, ते ठाऊक नसेल. तर बाबा, अप्पासाहेब फिटर आणि जयसिंगराव — ह्या तिघांना वेड होतं दर्यातल्या सिनेमांचं. तलवारी, चाचे, दोराला लोंबकळत ह्या जहाजावरून त्या जहाजावर उडी. रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी पिच्चर लागायचं, तिघांना इंग्रजी शून्य, म्हणून बाबा अंधारात स्वतःच गोष्ट रचून सांगायचे — हा ह्याचा मेहुणा, ह्यानं खजिना लाटला, आता बघ कसा मारतो — आणि मागचे लोक ओरडायचे, अरे भिया, थोडा जोर से बोलो ना! खरंच, मराठीतून सांगितलेलं हिंदीवाल्यांना हवं असायचं. जयसिंगरावांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, त्यांना नेहमी हरकत — चोरांची झांकी गणपतीसमोर कशी काढायची? तर अप्पासाहेब म्हणायचे, इंग्रज लोक आंग्र्यांना चाचेच म्हणायचे ना? मग चाचे आपलेच की! झालं, प्रश्न मिटला. एका वर्षी ते जहाज आंग्र्यांचं, एका वर्षी चाच्यांचं, एकदा तर रामाला लंकेला न्यायला काढलं होतं — सेतू असताना! कुणी विचारलं नाही. अप्पासाहेबांनी मोडक्या लूमचे दांडे लावून दोन पुतळे केले होते, ते तलवार खेळायचे, खट-खट, खट-खट, अगदी लूमच्या तालात. आणि कप्तान बाबा, लाकडी तलवार घेऊन स्वतः पुढे उभे.

तिघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही. सगळ्यात मोठं पाणी म्हणजे यशवंत सागर. मला सोडायला बाबा मुंबईला आले होते, तर विमानतळावरून थेट परतीची गाडी — ड्यूटी चुकेल म्हणून. मी मात्र पाहिला. नुसता पाहिला नाही, शाळेची खरी शिडांची बोट होती, तीन काठ्यांची, सुट्ट्यांमध्ये सहा-सहा आठवडे मी तिच्यावर. शीड चढवलंय, वादळात उतरवलंय. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हे मी बाबांसाठी शिकतेय. खोटं नाही. हे सगळं घेऊन मी जाईन आणि त्यांचं जहाज खरं करीन.

खरं करीन! काय शब्द आहे, नाही?

मिल बंद, तरी त्या लोकांनी ठरवलं होतं की झांकी काढायचीच. मिल नाही तर नाही, गणपती तर आहे. लूमखात्यातले तीस-चाळीस जण इथे जमायचे. मी म्हटलं, बाबा, मी आलेय ना, आता बघा. आणि पहिल्याच दिवशी — मी इथे ह्या फळीवर उभी राहिले, सगळ्यांसमोर — आणि म्हटलं, हे सगळं चूक आहे.

हो. असंच. सगळं चूक.

कारण दोर बघितले मी. लूमखात्यातलं टाकाऊ सूत वळून केलेले दोर, हात-दीड हात लांबीचे तुकडे, तुकड्याला तुकडा जोडलेला, प्रत्येक जोडावर बोराएवढी गाठ आणि गाठीची टोकं कापून टाकलेली. अगदी सपाट. वर झांकीचा चंदेरी रंग फासलेला. मी म्हटलं, टोक कापायचं नसतं, टोक लांब सोडायचं असतं, नाहीतर गाठ निसटते — आणि वेळ आली तर एका झटक्यात सुटली पाहिजे. समुद्रावर ह्या गाठींनी माणसं मेली असती, असं म्हटलं मी. अप्पासाहेब हसले, म्हणाले, पोरी, इथं बुडायला पाणी कुठंय? मी हसले नाही. मी मोठी गंभीर. बाबांनी विचारलं, सगळे काढायचे? मी म्हटलं, सगळे. ते म्हणाले, बरं, तू शिकून आलीस. आणि खाली बसून स्वतःच कापायला लागले. कसली कैची नव्हे, लूमवरची ती छोटी कातर असते ना, कमरेला लावतात, तीच होती अजून त्यांच्या कमरेला. मिल बंद झालेली, तरी. दिवसभर कापत होते. आणि मला इतका आनंद झाला होता, मनीषजी — वाटलं, बघा, अशी असतात नव्या विचाराची माणसं! किती मोकळ्या मनाचे माझे बाबा!

मग सियागंजातून नायलॉन आणला, तीन आठवडे सगळ्यांना गाठी शिकवल्या — झटका दिला की सुटणाऱ्या, हे एवढं लांब टोक सोडून. पन्नाशीची माणसं माझ्यापुढे मांडी घालून बसायची. हो मॅडम, अच्छा मॅडम.

तुम्ही होतात का चतुर्दशीला, मिरवणुकीत, जेल रोडला? नव्हतात. बरं झालं. संध्याकाळ होती, अजून उजेड होता, गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही. पुढे अखाडा, लाठ्या फिरवणारे, मागे आम्ही. शिडं काय दिसत होती! मिलचंच कापड, आईनं आणि बायकांनी धुऊन नीळ घातलेलं. वारा भरला त्यात, पहिल्यांदा — खरा वारा, खरं शीड. बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि तलवार वर केली. आणि त्या अखाड्यातल्या कुणाची तरी लाठी माझ्या त्या लांब टोकात अडकली. मी शिकवलेल्या टोकात. त्या माणसाचा काय दोष? त्यानं आपली लाठी ओढली. झटका बसला. आणि गाठ सुटली, अगदी जशी सुटायला पाहिजे तशी. आडवा बांबू बाबांच्या खांद्यावर आला आणि शीड सगळं अंगावर.

माणसं हसली. हसणारच, मोठं शीड धपकन खाली येताना बघितलं की मीही हसले असते. पण मग गॅलरीतून कुणीतरी ओरडलं — मिल भी डूबी, जहाज भी डूब गया! आणि ते सगळ्या रस्त्यानं उचललं. डूब गया, डूब गया, टाळ्यांच्या तालावर. आणि खाली अप्पासाहेबांचे ते दोन पुतळे आपले चालूच, खट-खट, खट-खट.

आम्ही शीड उचलायला गेलो तर आतून बाबांनी धरून ठेवलेलं. घट्ट. जयसिंगराव बाबांना म्हणाले, संताजी, सोड, लागलंय तुला. सोडलं नाही. आतच बसले. झांकी वळवली, इथे शेडपर्यंत आणली, तोवर ते शिडाखालीच होते. मग बाहेर आले, तलवार कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, चहा घ्या रे सगळे. बस. त्या दिवसाबद्दल आजतागायत एक शब्द नाही. मला रागावले? नाही. एकदा रागावले असते तर —

सोडा. तुम्हाला उशीर होतोय का? टेम्पोचं भाडं चढत असेल तर चढू दे.

तर मग तुमचे शेठ आले महिन्यापूर्वी. ए.बी. रोडला नवीन हॉटेल, गुढीपाडव्याला उद्घाटन, दारात जहाज पाहिजे, फॅमिली गर्दी करतील. आणि जहाजाबरोबर कप्तान पाहिजे. काळी पट्टी, तलवार, येणाऱ्या गाडीला सलाम. बाबा लगेच हो म्हणाले. मला किती संताप आला सांगू! मी म्हटलं, बाबा, तुम्ही विकले जाताय. हसतील तुम्हाला लोक. ते म्हणाले, हसतात तर हसू दे, पूर्वा, सलाम इकडेही करतो, तिकडेही करीन, तिकडे निदान माझं जहाज असेल. मी ठरवलं होतं, आज तुम्ही आलात की तुम्हाला हाकलून द्यायचं. खरंच. वाक्यं पाठ केली होती.

पण काल दुपारी मी शेडमध्ये आले, शिडं झटकायला, तर त्यांच्या मागे एक पोतं सापडलं. बाबांनी कापलेले जुने दोर. टाकले नव्हते — गाठी सगळ्या राखून, कातर प्रत्येक गाठीपासून दूर धरून, लांब-लांब तुकडे ठेवून कापलं होतं. मी एक गाठ घेतली, पाण्यात भिजवली, रंग निघाला, आणि सुईनं उकलायला लागले. सुटता सुटेना. अर्धा तास गेला. मग एक वेढा सैल झाला — वरून, मागून, स्वतःच्याच खाली. आणि माझी बोटं थांबली. कारण बोटांना माहीत होती ती गाठ. बोटीवर पहिल्या आठवड्यात, थंडीनं बोटं गारठलेली, मास्तर ओरडताहेत, दोन दोर जोडायला जी पहिली गाठ मला शिकवली होती ना — तीच. तीच, मनीषजी! लूमवर धागा तुटला की विणकर हीच मारतो, टोकं कापून, म्हणजे कापडात अडकायला नको. सुटूच नये म्हणून मारतो. बाबांनी अठ्ठावीस वर्षं मारली, दिवसातून हजारदा, न बघता. आणि मी त्यांना माझ्या पायाशी बसवून, झटक्यात सुटेल अशी करून शिकवली.

रडले? रडून काय होतं. रात्रभर एकच ठरवत होते — सकाळी उठून सांगायचं. बाबा, मी चुकले, तुमची गाठ बरोबर होती, जहाज द्यायचं नाही, पुन्हा सुती दोर वळू, पुढच्या चतुर्दशीला परत काढू. इंग्लंडचं तिकीट रद्द करते. भाषणच म्हणा ना, मला भाषणं चांगली येतात.

आणि आज सकाळी उठले तर ते आरशासमोर उभे. अंगात तुमच्या शेठनी पाठवलेला तो लाल कोट. डोळ्यावर काळी पट्टी धरलेली — पट्टी त्यांनी स्वतः शिवलेली, मिलच्या कापडाची, काळ्या शाईत बुडवून. आणि हळू आवाजात घोकत होते, वेलकम सर, वेलकम मॅडम, वेलकम सर. मला आरशात बघितलं. लाजले. इतके लाजले. आणि म्हणाले, बरं झालं उठलीस, मागून गाठ मार गं, हात वर जात नाही.

खांदा उचलत नाही ना त्यांचा, त्या दिवसापासून.

मी बोलले का? नाही. बंदाची दोन टोकं हातात घेतली — केस किती पांढरे झालेत मागून, मला माहीतच नव्हतं — आणि मारली. वरून, मागून, खाली. मग त्यांच्या कमरेची कातर काढून टोकं कापली, सपाट. त्यांनी हात मागे नेऊन चाचपून बघितलं. बोट थांबलं तिथे. मग म्हणाले, जरा आवळ अजून.

मी आवळली.

बाबांना त्यांच्या जहाजावरून हाकलायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. तुम्हालाही नाही. जहाज घेऊन जा. नायलॉन मी लगेच येऊन काढून टाकलाय, हे जे बांधलंय ते पोत्यातलं आहे, जुनं, बाबांच्याच गाठीनं पुन्हा जोडलेलं — म्हणून म्हणत होते, हात लावू नका. कापू नका. वर रंग मारायचा तर मारा.

ते येताहेत बघा. कोट घालूनच निघालेत चाळीतून, लोक बघताहेत. तुम्ही उभे राहा, मनीषजी — आणि सलाम तुम्ही आधी करा. मी तिकडे मागे आहे. चला, उठा.