एकच जोड

मुरबाडच्या दुकानात माझ्यापुढे नवरा-बायको पोराचा गणवेश घेत होते.

"अहो, दोन जोड घेऊ. आपल्या वैशाखरे गावच्या चिखलात रोज धुवायला लागंल."

"एकच बस गो. पोर भराभर वाढतंय, दुसरा उगाच वाया जाईल."

"आन् वाळला नाय तर?"

"तर राहील त्या दिवशी घरी. पहिलीच तर हाय."

"आपल्या प्रज्वलच्या वाढदिवसाला त्याच्या फोटोचे बॅनर किती लावलेत?"

"तीन. नाक्यावर, स्टँडवर आन् शाळेसमोर."

"तिथं नाय एकात भागलं?"

"लोकांना दिसाया नको?"

"शाळेसमोरचा हाय ना अजून?"

"हाय की. लांबून दिसतो."

"मग घ्या एकच. पोरगा घरी राहिला, की गुरुजी बॅनर बघून हजेरी लावतील."