व वाटीचा

— नाही वं, रडाचं नाही. मी कायले मारीन तुले? माह्या हातात काही हाय का? खडू हाय. खडूनं कोणी मारते का? आन घर तुह्यं दिसूनच राह्यलं इथून, ते काय निळ्या टिनाचं, पण कुलूप हाय ना त्याले. आई कापूस वेचाले गेली, आजीबी गेली, सारा तांडाच गेला वावरात. आता टेम्पो येईन दिवस बुडता-बुडता — तंवर तू आन मी. बस इथं ओट्यावर. नाक पूस. फ्रॉकाले नको पुसू — पुसलं? बरं. झालं आता.

ममता, तू पहिलीत हाय, लहान हाय, म्हणून तुले सांगून राह्यलो. मोठ्या माणसाले सांगतलं असतं त घाटंजीच्या बजारात पोचलं असतं. मी काही पहिलीचा मास्तर नाही. म्हणजे — हाय. हजेरी मीच घेतो, तुमचे नाडे मीच सोडतो, ते सारं खरं हाय. पण मी मुळात तसा नाही. मी अकरावी-बारावीचा माणूस हाय. केमिस्ट्रीचा. केमिस्ट्री म्हणजे — जाऊ दे, तुह्या कामाची नाही. बारावी झाली आन बाबा म्हणे, कपिल, डी.एड. कर, मास्तर होऊन जाशीन. मी केलं. केलं आन तिथून पळालो — बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड., म्हणलं जितकं वर जाता येईन तितकं वर जाऊ. प्राध्यापक व्हाचं होतं मले. प्राध्यापक म्हणजे मोठ्या सराच्याबी वर. तो उभा राहून बोलते आन पोट्टे बसून मोबाईल पाह्यतात, असं असते ते. त्याची परीक्षा देल्ली, नाही निघाली. म्हणलं ज्युनिअर कॉलेज — जागा नाही. हायस्कूल — जागा हाय, पगार नाही. मंग सहावी ते आठवीचा पेपर देल्ला, रात्रंदिवस अभ्यास करून देल्ला, तो गेला. आन सोबत पहिली ते पाचवीचाबी देऊन ठेवला होता, फॉर्ममधी दोन्ही रकाने होते म्हणून — तो निघाला. अशी माही प्रगती हाय. वरून खाली. याच्याखाली अजून एक पायरी उतरलो त पाळणाच लागते.

हासली? हासलीच तू. पाळणा समजते तुले. चांगलं हाय.

शकुबाई हाय माही मावशी, तिनं एक स्थळ काढलं होतं राळेगावले. पोरीच्या बापानं पुसलं, कोणत्या वर्गाले शिकवता? मी म्हणलो, पहिलीले. त्यानं वळून आतमधी पाह्यलं. चहा आला. पोहे नाही आले. पोह्याचा वास येत होता, मी खोटं नाही बोलत — पण ते आतच राह्यले. त आता वणीच्या एका कॉलेजातून निरोप हाय. अकरावी-बारावी. केमिस्ट्री. लॅब हाय, लॅबमधी बेसिन हाय, आन बेसिनच्या नळाले पाणीबी येते म्हणे. तिथले सर आता सांजच्याले फोन करणार, मले फक्त हो म्हणाचं. इकडं मोठे सरबी मांगं लागले — वर्षभर राह्यता का जाता ते आजच सांगा, मले वर कळवा लागते. हो म्हणाले काय लागते? मी त मनात कवाचंच म्हणून बसलो. बस चुकली तुह्यापायी, फोन नाही चुकणार.

आन मी गेलो त तुमचं कोणतं नुकसान होते? दुसरा येईन कोणी. गाणे म्हणणारा येईन. मले गाणे येत नाहीत, तुमाले ठाऊक हाय. मी काय शिकवलं तुमाले एवढ्या दिवसात? — वाटी. वाटी मात्र शिकवली, ते कोणी नाही म्हणू शकत नाही. तू जूनमधी आली तवा तोंडातून शब्द नाही. सकाळी-सकाळी माह्यापाशी याची आन म्हणाची, बाटी. मी म्हणलो, अरे वा, पोरगी बोलली! खिचडीच्या खोलीतून वाटी आणून देल्ली तुले. घेऊन बसाची तू चुपचाप, हातात धरून, दुपारच्या खिचडीपर्यंत. मले वाटे, काय शिस्त हाय. पण उच्चार खराब. म्हणून मंग घासून घेतलं — बाटी नाही, वाटी. खालचा ओठ दाताले लाव. व. व वाटीचा. बाकीचे पोट्टे खीखी हासत, मी त्यायले दटावलं, कोणाच्या बोलण्याले हासाचं नाही म्हणून. आन एक दिवस तू म्हणली. वाटी! सारा वर्ग टाळ्या वाजवत होता. मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, केंद्रप्रमुखानं अंगठा पाठवला. सोमवारी तुही आई आलती, हंसाबाई — घुश्श्यातच होती — म्हणे, सर, पोरगी घरी जेवाले बसली का वाटी-वाटी करते, वाटी देल्ली का फेकून देते, हे काय शिकवून ठेवलं? मी म्हणलो, बाई, याले म्हणतात शिकवण्याचा परिणाम. शाळेतलं घरी चाललं. ती तशीच वावरात गेली.

काय? काय म्हणली? वाटी? आता? थांब, आणतो. — हे घे. — आता काहून रडतं? वाटीच हाय ना? धर. धर म्हणलं त धर — फेकली? मास्तरासमोर फेकतं? काय दाखवून राह्यली? माही बॅग? बॅगमधी काय हाय — डब्बा हाय. डब्ब्यात वाटी नाही माह्या, पोळी हाय. हे पाह्य, पोळी. — हे? हे वाटी? पोरी, याले पोळी म्हणते. वाटी हे, जे तुनं फेकलं ते. आन हे —

थांब.

तू पहिले काय म्हणत होती? मी दुरुस्त कराच्या आधी. बाटी म्हणत होती. बाटी.

यवतमाळले होस्टेलमधी बादल होता माह्या खोलीत. तुमच्याच बंजारा समाजाचा, दिग्रसकडचा. रोज मेसमधी जाताना दारातून हाका मारे, बाटी खादो कांई? म्हणजे जेवला का, भाकर खाल्ली का. किती वर्षं ऐकलं ते मी. मी त्याले उत्तरबी देत होतो. आन तू तेच म्हणली त मले वाटलं, पोरगी बोबडी हाय.

तुही आई अंधारातच वावरात जाते. तू बिनखाल्ल्याची येत होती. भाकर मागत होती तू, आन मी तुह्या हातात रिकामी वाटी देत होतो. वरून ओठ कुठं लावाचा ते सांगत होतो.

घे. हे सारं घे. भाजीबी घे, वांग्याचीच हाय. हळू खा. ठसका लागीन.

अकरावीच्या पोट्ट्याले मी चुकीचं शिकवलं त काय होते? काही नाही होत. तो मुळात ऐकतच नाही. ऐकलं त लिहीत नाही. लिहिलं त क्लासवाला दुसरं सांगते, गाईडमधी तिसरंच असते, पेपरात चौथंच येते. माह्या चुकीले तिथं कोणी पुसत नाही, पोट्टं सुखरूप राह्यते. आन तू? मी म्हणलो वाटी, त तुनं भाकरीचं नावच बदलून टाकलं. आईनं शिकवलेलं सोडलं, आजीचं सोडलं. कायले? सर म्हणतात म्हणून. घरी भाकर टोपल्यात होती, ती मागाले तुह्यापाशी शब्द नव्हता, तो मी काढून घेतलता. इतका भरोसा माह्यावर माह्या सख्ख्या बापानं नाही ठेवला. मले भेव वाटते वं तुह्यं. हासू नको, खरंच वाटते. मले वाटत होतं, पहिली म्हणजे सगळ्यात खालचं काम, चुकलं त चुकलं.

बरं, खाल्लं? पाणी पी. आता म्हण, बाटी. — वाटी नाही. बाटी. — ओठ दाताले नाही लावाचा. हो, मीच सांगतलं होतं. आता नको लावू. दोन्ही ओठ मिटव. ब. — व नाही, ब. सर चुकले होते. हो, हेच सर. — मान काहून हालवतं? नाही चुकत? कोण म्हणते, सर चुकत नाही? — मी? पहिल्या दिवशी? — म्हणलो असन. फळ्याजवळ उभा राह्यला का माणूस काहीबी बोलते. परत म्हण. बा —

थांब, फोन वाजून राह्यला. वणीच हाय. — हॅलो. नमस्कार सर. हो, कपिलच बोलतोय. हो, इच्छा तर होती सर. — नाही, सोमवारी नाही जमणार. — पुढच्या सोमवारीही नाही. एक मुलगी आहे इथं, तिला मी एक शब्द उलटा शिकवून ठेवलाय. — नाही सर, पहिलीची आहे. — एकच शब्द, हो. आतापर्यंत सापडलेला एकच आहे. अजून किती असतील ते बघावं लागेल. — नाही, थट्टा नाही करत. तुम्ही थांबू नका माझ्यासाठी, दुसरा कोणी बघा. हो. ठेवतो.

झालं. गेलं बेसिन.

अशी काय पाह्यतं? सरक थोडी, मले बसू दे. आता मोठ्या सराले सांगा लागीन. आन टेम्पो आला का तुह्या आईले — ते मी पाहीन माह्यं. तू एक काम कर. घरी ज्याले-ज्याले जे म्हणता तुमी, ते मले सांग. सुरुवात कुठूनबी कर. तू सांग, मी बोलत नाही आता.