चार पानांचं माहितीपत्रक आणि अण्णांची डिस्क

सांगा बघू, भरवसा कुणावर ठेवायचा? मशीनवर, की मशीनला यादी लिहून देणाऱ्यावर? मी स्वतःवर ठेवला आणि गडहिंग्लजात तोंडघशी पडलो.

तिथले गुळाचे व्यापारी बसाप्पा अण्णा. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती. वजनाच्या चिठ्ठ्या छापायचा प्रोग्राम मी घरीच शिकून केला होता, तो बसवायला गेलतो. दारात गुळाच्या गाड्या खोळंबलेल्या. प्रोग्राम फ्लॉपीत मावेल एवढा, पण मशीन म्हणे, सोबत ढीगभर पॅकेजं, म्हणजे इतर प्रोग्रामांचे गठ्ठे हवेत आणि डिस्कवर जागा नाही.

अण्णा कडाडले, "पावणं, चिठ्ठी छापायची हाय की ग्रंथ? माझ्या जुन्या नोंदी पुसून जागा करू नगा हां!"

घाम पुसत मी माझ्याच पॅकेजमधली, प्रोग्रामला सोबत काय काय लागतं ती यादी उघडली. प्रोग्रामसोबत चार पानांचं माहितीपत्रक होतं. ते तयार करायला घरी जी अवजड सॉफ्टवेअर साधनं लागली, ती मी 'चालायला आवश्यक' म्हणून लिहून बसलो होतो. माहितीपत्रक तर केव्हाच तयार होतं!

मी ही चूक कबूल केली, तसे अण्णा म्हणाले, "म्हंजे चटणीसंगं पाटा-वरवंटा बी ताटात वाढलासा व्हय?"

मी तेवढ्या ओळी खोडल्या, पॅकेज पुन्हा बांधलं. चहा निवायच्या आत पहिली चिठ्ठी बाहेर आली, नोंदी जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा मित्रा, तूही पॅकेज बांधशील तेव्हा काय लागतं आणि काय नाही, याचा हिशेब तेवढा इमानानं लिही.