विष बाहेर पडतंय!

नाही, तुम्हीच सांगा! तोंड भोपळ्याएवढं सुजलंय, अंगभर गांधी उठल्यात, खाजवून खाजवून जीव नकोसा झालाय, आणि सासरा समोर उभा राहून टाळ्या पिटतोय! का? तर म्हणे, ‘विष बाहेर पडतंय, जावईबापू, विष बाहेर पडतंय!’ अहो, बाहेर कसलं, आत जातंय... पण बोलता कुणाला? चीनमधल्या फोशानच्या आमच्या गल्लीत सासऱ्याला, म्हणजे ख्वांगवैद्यांना, उलट बोलायची कुणाची टाप आहे?

दुखत काय होतं? गुडघा! त्यावर वाडगाभर काळाकुट्ट काढा. गांधी उठल्या, म्हणून मात्रा दुप्पट. ओठ सुजले, म्हणून आणखी कडक! वर मला दुकानाच्या दारात स्टुलावर बसवलं, लोकांना दाखवायला. ‘बघा, माझ्या औषधाचा गुण!’ समोरच्या पेजवाल्या तांगकाकू पळी घेऊनच धावत आल्या. ‘अगंबाई, केवढं विष होतं हो यांच्यात! लग्नात दिसलं नव्हतं!’ आणि नवऱ्यासाठी तोच काढा बांधून घेऊन गेल्या!

बायको, युएशिन, हळूच म्हणायची, ‘अहो, बाबांचा एवढा जीव आहे तुमच्यावर, प्या ना.’ होताच हो जीव! पहाटे उठून स्वतः उकळायचा, फुंकर घालून हातात द्यायचा. पीत राहिलो. विष बाहेर पडतंय, पडू दे...

शेवटी एका दुपारी घसाच आवळला. थेट इस्पितळ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काढ्याची ऍलर्जी आहे. आणखी एक वाडगा घेतला असता तर माणूस हाताला लागला नसता.’ आणि मागे म्हातारा उभा... हातात थर्मास, संध्याकाळची मात्रा गरम गरम घेऊन आलेला! तुम्हाला सांगतो, सरळ बेसिनपाशी गेला, काढा ओतला, आणि थर्मास धूत राहिला. धूतच राहिला...

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. कुणी दार वाजवलं की ‘मोठ्या दवाखान्यात जा.’ थंडीत त्याचीच छाती भरली. युएशिननं त्याचाच काढा उकळला, तर भिंतीकडे तोंड फिरवलं. इस्पितळातल्या गोळ्या आणल्या, त्याही उशीखाली. म्हटलं, ‘बाबा, एकट्या मला बाधला हो! अख्खी गल्ली तुमच्या हातची पिऊन धडधाकट आहे!’ तर म्हणतो कसा, ‘ज्याला पोर दिली त्यालाच मारत होतो मी... आणि टाळ्या पिटत होतो.’

विष बाहेर पडतंय म्हणायचा ना? त्याच्या आतलं काही पडलं नाही हो बाहेर. ते घेऊनच गेला.

परवा पोचवून आलो. आज सकाळी तांगकाकूंनी गाठलंच. ‘अगंबाई, जावईबापू, डोळे केवढे सुजलेत! परत काही घेतलंत की काय?’

आता भर रस्त्यात काय सांगायचं? म्हटलं, ‘हो काकू... नाही सोसलं.’