पूजेची फ्लॉपी

माझ्याबरोबर काम करणाऱ्या दत्ताच्या आईइतकी पक्की श्रद्धा मी तरी कुठे पाहिली नाही, आणि तिचा दणका आम्हीच खाल्लाय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खोपोलीच्या आमच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता. स्टोअरमधल्या मालाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम दत्ताने महिनोन्‌महिने खपून लिहिलेला. मी त्याला बजावलं, "दुसरी कॉपी कर, आणि ती दुसऱ्या जागी ठेव." त्याने ऐकलं. प्रोग्रॅम साठवायची पातळ चकती म्हणजे फ्लॉपी; एक कारखान्यात, दुसरी भिसेगावला त्याच्या घरी.

खंडेनवमीला साहेबांनी सगळ्या यंत्रांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली. समोरच्या फ्लॉपीवरही भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर मशीन ती फ्लॉपी काही केल्या वाचेना. साहेबांचा चेहरा उतरला.

मी ऐटीत म्हटलं, "घाबरू नका, दुसरी आहे!"

स्कूटर काढून आम्ही दोघं भिसेगावला. दत्ताच्या आईने देवघरातून फ्लॉपी आणली. वर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी.

"आई, हे काय गं?"

"तुजं हत्यार हाय ना रं ते? मग पुजायला नको?"

तीही मशीन वाचेना. प्रोग्रॅम कागदावर छापलेला होता म्हणून वाचलो. दत्ताने सगळा पुन्हा टाइप केला. तेव्हापासून आम्ही घरची कॉपी कपाटात कुलपात ठेवली आणि आईला पूजेसाठी एक कोरी फ्लॉपी दिली.

दर दसऱ्याला ती पुजून माउली म्हणायची, "बग, मी नेमानं पुजते म्हनून तुजं काम कदी अडलं नाय."

आणि खरंच, पुन्हा कधी अडलं नाही.