रुळाखालच्या लाकडाचा पाळणा

“दवाखान्यात बायकांच्या गप्पांना कान लावू नकोस, झोप उडेल,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. आज लसीच्या रांगेत ती तान्ह्याला थोपटत बसली होती, आणि मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“माझ्या दिरांनी त्यांच्या बाळासाठी पाळणा केला, ताई. रेल्वेने रुळांखालचं जुनं लाकूड लिलावात काढलं ना, त्याचा.”

“टाकाऊतून टिकाऊ! आणि तुला?”

“मला उरल्या तुकड्याचं स्टूल! जावेचा पाळणा बघायला मात्र सगळी गल्ली.”

“जळतेस होय गं?”

“जळू नको तर काय करू? येईल तो गोडवे गातो.”

“ते लाकूड तेल प्यालेलं असतं म्हणे.”

“असतंच. किडू नये म्हणून मुरवतात. आमचे हे रुळांवरच कामाला. बाहेरगावी जाताना मला म्हणाले, कुंपणाला वापरा, घरात आणू नका. उन्हात ते तेल पाझरतं, कातडी भाजते.”

“मग जावेला सांगितलंस?”

“मी कशाला? म्हणेल, हिच्या पोटात दुखतंय.”

“अगं, पण बाळ?”

“पाठीवर पुरळ आलंय. उष्णतेचं आहे, म्हणतात.”

“आणि तू गप्प?”

“मिरवतायत ना पाळणा? मिरवू देत आणखी दोन दिवस.”

तेवढ्यात हे ऐकत बसलेल्या तिचा नंबर पुकारला. तान्ह्याला लस टोचून घेऊन ती धावत बाहेर आली, तर बाक रिकामा. ना त्यांचं नाव ठाऊक, ना गल्ली. म्हणून तिची तुम्हालाच विनवणी: तुमच्या ओळखीत कुणी असा पाळणा केला असेल, तर आजच जाऊन त्या बाळाला बघून याल का?