खिसा एक, चाकू दोन

...नाही, पण मला सांगा, माणसाने दोन चाकू घेऊन करायचं काय? खिशात टाकायचे म्हणाल, तर माझ्या डाव्या खिशाला भोक! हे एवढं भोक! किल्ली टाकली तर बुटात सापडते! म्हणजे वापरायला उरला उजवा. खिसा एक आणि चाकू दोन! आणि चाकू असे-तसे नाहीत हो, एकेक चाकू असा की बघणाऱ्याने नुसतं "आहाहा" म्हणावं. कॉफी प्यायला गेलो की लोक पाठीवर थाप मारतात, "रेमी, नशीब काढलंस लेका!" नशीब? अरे, एकदा माझ्या पँटमध्ये राहून बघा, मग नशीब म्हणा!

तुम्हाला सांगतो, हे सगळं झालं माझ्या साठीला. मी इथे वर, ओब्राकच्या पठारावर शाळेची बस चालवतो, पण मूळचा मी खालचा, तिएरचा. तिएर म्हणजे घरटी चाकू बनवणारे. माझे आजोबा धारवाले. फळीवर पालथं पडायचं, नाक धारेच्या चाकाच्या वीतभर वर, खाली नदीचं गार पाणी, आणि पाय गारठू नयेत म्हणून पायांवर काय? कुत्रा! खोटं वाटतं? अहो, तिएरच्या प्रत्येक धारवाल्याच्या पायावर कुत्रा असायचा. माझी आजी सांगायची, सोयरीक जुळवताना तिच्या वडिलांनी मुलगा बघितलाच नाही, कुत्रा किती जाड आहे ते बघितलं आणि हो म्हणाले.

आणि असल्या घरातला मी, प्रेमात कुणाच्या पडावं? ओदिलच्या! ओदिल कुठली? वरची, लायोलजवळची! आता या दोन गावांचं तुम्हाला काय सांगू... खरा चाकू कुणाचा, यावर हे बोलायला लागले की वाईनची बाटली संपते, दुसरी संपते, वाद आपला आहे तिथेच. वरचे म्हणतात, "चाकू आमचा, जग त्याला लायोलच म्हणतं, नाव आमचं." खालचे म्हणतात, "नाव तुमचं असेल, घाम कुणाचा?" माझ्या लग्नाच्या जेवणात सासरेबुवा, ओगुस्त त्यांचं नाव, उभे राहिले. मला वाटलं आशीर्वाद देतायत. म्हणाले, "पोरगा बरा आहे. तिएरचा आहे, पण त्याला इलाज नाही." बसले!

बरं, त्या घरात जेवायची पद्धत ऐका. टेबलावर सुऱ्या मांडत नाहीत. ज्याने त्याने आपापला चाकू खिशातून काढायचा, पाव कापायचा, मटण कापायचं, शेवटी चीज कापायचं, पावाच्या तुकड्याने पातं पुसायचं आणि अंगठा लावून हळूच मिटायचं, आवाज न करता. आवाज फक्त सासरेबुवांनी करायचा. त्यांचा चाकू वाजला, खट्! की जेवण संपलं. संपलं म्हणजे संपलं! तोंडातला घास तोंडात, ताटातला ताटात, सगळे उभे. आणि मी जेवायला सावकाश. आधी तो आलिगो, बटाटा आणि चीज घोटून घोटून हातभर तार निघते त्याची, ती तार गुंडाळता गुंडाळताच माझा जीव जातो. मग सॉसेज. मग कुठे चीजचा तुकडा वाढून घेतो, कडेची साल काढतो, पहिला घास उचलतो... खट्! तीस वर्षं! तीस वर्षं मी सासुरवाडीला चीज पुरतं खाल्लेलं नाही! जगात माणसं काय काय दुःखं सांगतात, माझं हे आहे.

तर साठीचा दिवस. सासरेबुवा सकाळी सकाळी दारात. शहाऐंशी वर्षांचे, काठी टेकत. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. "धर," म्हणाले. उघडतो तर चाकू! आमच्या इकडच्या गाईच्या शिंगाची मूठ, मधासारखी, धरली की हातात गरम लागते. लांब निमुळतं पातं. पाठीवर स्प्रिंगला मधमाशी, लायोलची खूण, हाताने कोरलेली, पंखांच्या शिरा मोजून घ्या. अहो, ज्या माणसाने तीस वर्षांत मला "मीठ सरकव" यापलीकडे गोड शब्द काढला नाही, तो चाकू देतोय! या पठारावर चाकू कुणाला देतात? घरच्याला! माझे डोळे भरले, आणि हे ओरडतायत, "रडतोस काय, नाणं दे! नाणं दे आधी!" आमच्यात चाकू फुकट घेतला तर नातं कापलं जातं म्हणतात, म्हणून एखादं नाणं द्यायचं असतं. मी खिसा चाचपतोय, डावा, आणि तिथे भोक! "दे रे लवकर, तुटेल ना!" म्हातारा दारात पाय आपटतोय. तुटू नये म्हणून! माझ्याशी! ओदिलने आतून नाणं आणून दिलं तेव्हा कुठे शांत झाले.

मी इतका खूष... आणि दुपारी तिएरहून कोण यावं? क्लोतिल्द! माझी थोरली बहीण. आजोबांचा कारखाना तीच चालवते, बोटं बघा तिची, काळी, आणि जीभ तिच्या कुठल्याही पात्याहून धारदार. "रेम्या, साठ वर्षांचा घोडा झालास, तुला म्हटलं आपल्या घरचा चाकू नको का?" तिने स्वतः केलेला! अक्रोडाची मूठ, पातं असं की पोलादावर पाण्याच्या लाटा उठल्यात, एका अंगठ्याने उघडतं, आत पट्टी अशी बसते की पातं जागचं हलत नाही, आणि मिटताना... आवाजच नाही! मांजर पाऊल टाकतं तसं. वर्षभर रोज संध्याकाळी बसून केला तिने. तिलाही नाणं दिलं. आणि मग उजव्या खिशात हात घातला... खिसा एक आणि चाकू दोन!

आता तुम्ही विचाराल, चांगला कोणता? सगळे हेच विचारतात! मी बसवाला माणूस, मी प्रामाणिकपणे वापरून बघितले. जाड सालीचा पाव? सासरेबुवांचा, लांब पातं, एका ओढीत आरपार. सॉसेज? ताईचा, चकती अशी पातळ की पलीकडचा माणूस दिसावा, आणि तो माणूस चकती मागतोच. सफरचंद? सासरेबुवांचा काळा पडतो, पुसत बसा, तेल लावत बसा, तान्ह्या बाळासारखं करावं लागतं. ताईच्याला डाग नाही. पण पावसात, गार हाताने, शिंगाची मूठ... काय सांगू, कुणीतरी हात हातात घेतल्यासारखं वाटतं! आणि सासरेबुवांचा उघडायला दोन हात आणि शाबूत नख लागतं. एका हातात पाव असेल तर पाव कुठे ठेवायचा? तोंडात! एकूण काय, दोन्ही उत्तम. पण "दोन्ही उत्तम" हे उत्तर माणसांना चालतं का? रविवारी टेबलाशी बसलो की सासरेबुवांची नजर माझ्या खिशावर. आणि संध्याकाळी ताईचा फोन, "कोणता काढलास रे? खरं सांग." अहो, बायको एक आणि प्रेयसी एक असलेला माणूससुद्धा इतका घाबरत नसेल! बरं, एका खिशात दोन्ही ठेवले तर घासतात, शिंगावर चरा पडतो. ओदिलला म्हटलं खिसा शिव, तर म्हणते, "आधी ठरव तुला कुणाचा व्हायचंय ते!"

असं चाललं होतं. आणि हिवाळ्यात सासरेबुवा आजारी पडले. वाचले, उठले, पण उजवा हात थरथरायला लागला. कुणी विचारलं की म्हणायचे, "थंडी आहे." जून उजाडला तरी थंडी आहे!

त्या जूनमधल्या एका रविवारी ताई पण जेवायला होती. म्हणजे दोघं एका टेबलाशी! सकाळी पँट चढवतो, डाव्या खिशात हात घालतो... भोक नाही! शिवलेला! ओदिलने काही न बोलता शिवून ठेवला होता. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "चल, उशीर होतोय." असली बाई मला मिळाली हो. डावीकडे ताईचा, उजवीकडे सासरेबुवांचा. पाव याने, सॉसेज त्याने, जेवलो की कसरत केली विचारू नका.

चीज आलं. मी आपला घाईघाईने साल काढतोय, आता होणार खट्, आता होणार... झालंच नाही. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. अख्खा तुकडा संपला! तीस वर्षांत पहिल्यांदा! मी म्हटलं, देव आहे! दुसरा तुकडा घेतला. सगळे आपापले चाकू मिटून बसलेले, कुणी उठत नाही. मी तिसरा घ्यायला वाकलो आणि सासरेबुवांचे हात दिसले. टेबलाच्या कडेखाली, मांडीवर चाकू धरलेला. अंगठा पात्याच्या पाठीवर. स्प्रिंग कडक, हात थरथरतोय, पातं थोडं मिटतं आणि परत सरळ. परत दाबतात, परत सरळ. तिसरा तुकडा मी तसाच ठेवला हो.

ताईच्या नजरेतून पोलाद सुटत नाही. ती हळूच म्हणाली, "ओगुस्त, स्प्रिंग कडक आहे, द्या, मी सैल करून देते." झालं! म्हातारा उसळला, "माझ्या चाकूला तिएरचा हात?" ताई पण काही कमी नाही, "तुमच्या मुलीला लागला तो चालला ना?" ओदिल हसली आणि डोळे पुसायला लागली. मग सासरेबुवांनी तो उघडा चाकू वर टेबलावर ठेवला. सगळ्यांना दिसेल असा. म्हणाले, "आज माझा उघडाच राहू दे. जावईबापू, तू मीट."

मी? अहो, तो मान घरातल्या मुख्य माणसाचा! कोपऱ्यात बसणारे दोन मेहुणे आहेत मला, म्हाताऱ्याचे रक्ताचे मुलगे, ते पण माझ्याकडे बघून 'मीट, मीट' अशी मान हलवतायत. ताईचा तर आवाजच करत नाही, त्याने जेवण कसं संपवणार? मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "बघतोस काय? माझा चाकू कापायला केलाय, बोंबलायला नाही. काढ त्यांनी दिलेला."

काढला. उघडला, मिटला... आणि सवयीने अंगठा लावला! आवाज नाही! कुणी हललं नाही. सासरेबुवा म्हणाले, "परत." परत उघडला, डोळे मिटले, सोडला... खट्! सगळे एकदम उभे! ताई म्हणाली, "पातं आत आपटलं, गेली धार." सासरेबुवा म्हणाले, "जाऊ दे धार. आवाज आला ना?" आणि माझा हात धरून उठले. काठी राहिली तिथेच. तिएरच्या हाताला धरून चालले म्हातारे, अंगणापर्यंत!

जाता जाता मी विचारलंच, "बाबा, तीस वर्षं इतक्या लवकर का हो मिटत होता? माझं चीज राहायचं." थांबले. "आणि माझं? मला काय चीज आवडत नाही? गाई दूध काढायची वाट बघत उभ्या, तुझी सासू पहाटेपासून पायावर, ती मी उठल्याशिवाय टेकायची नाही. कुणीतरी मिटायला नको का?" मग मला आठवलं, त्यांच्या खुर्चीखाली कायम एक कुत्रा, आधीचे होते तसा आताचाही पिंप झालेला! दर रविवारी म्हाताऱ्याच्या ताटातला चीजचा तुकडा जात होता कुठे? मी बघितलंच नव्हतं, मी माझ्या ताटात बघत होतो.

तर आता दर रविवारी मिटायचा मान माझा. सासरेबुवा शेजारी बसतात, त्यांचं सॉसेज मी ताईच्या चाकूने पातळ कापून देतो, ते खातात आणि म्हणतात, "तिएरचा आहे, पण कापतो बरा." ताईला फोनवर हे सांगितलं तर नाक ओढल्याचा आवाज आला फक्त. आता सांगा, तक्रार कुणाकडे करू? दोन्ही खिसे भरलेले आहेत माझे. मला वाटलं होतं, आता खट् माझ्या हातात, आता चीज पोटभर! कसलं काय! पहिला घास उचलतो तर सासरेबुवांना डुलकी लागलेली दिसते, सासूबाई गुडघा चोळत असतात, ओदिल टेबलाखालून पाय मारते... मिटतो बिचारा. खट्! आणि तुम्हाला सांगतो, त्यांचा तो कुत्रा आहे ना, तो आता माझ्या खुर्चीखाली बसतो.